मोठ्यांचा वर्ग घेणाऱ्या भाचीला

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. मसोलीतला संध्याकाळचा प्रौढवर्ग तू अंगावर घेतलास, हे फार बरं केलंस. पण माणसं वेळेवर येत नाहीत, मध्येच उठतात, फोन वाजला की बाहेर जातात, एक काका सगळ्यांची उत्तरं एकटेच देतात, तेव्हा वर्गाला शिस्त कशी लावू, असं विचारतेस. लावायला जाऊच नकोस. दिवसभर चिकूच्या वाडीत नाहीतर फुग्यांच्या कारखान्यात राबून आलेली बाई तुझ्यासमोर बसते ती आपल्या मर्जीने. तिला ना वरच्या वर्गात जायचंय, ना नापास होण्याची भीती. शिकवणं पटलं नाही तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही, एवढंच. तेही फार सभ्यपणे: 'पाहुणे आलते' म्हणते. तिला कारणं विचारत बसू नकोस. काल आपण तासभर काय शिकवलं, ते तिला कुठे उपयोगी पडलं असतं, हे घरी जाऊन आठव.

उशिरा येणाऱ्यांचं सोपं आहे. पहिली पंधरा मिनिटं नवं काही काढायचंच नाही. आलेल्यांनी कालचं वाचावं, शेजारणीला दाखवावं; येणारा येईल तसा टेकेल. पाणी भरून, चूल आटोपून आलेल्या बाईला दारात उभं राहून माफी मागावी लागली, तर ती चार दिवसांत गळते.

त्या काकांना मात्र गप्प करू नकोस. ते रुसले तर त्यांच्यामागे दोन-चार घरं जातील. तोंडी उत्तर मागण्याची सवय तूच सोड. प्रश्न विचारला की सगळ्यांनी पाटीवर लिहायचं आणि तू 'वर' म्हटलंस की पाट्या एकदम वर. काकांची पाटी वीस पाट्यांतली एक होते, आणि कोण कुठे अडलंय ते तुला एका नजरेत दिसतं. मग काकांना मागे राहिलेल्या दोघांजवळ बसव. फळा पुसायला लावू नकोस. ते पोरांचं काम, त्यांना ते झोंबेल. आणखी एक, हे पुस्तकात सापडायचं नाही: सासू-सुनेला शेजारी बसवू नकोस. सुनेला अक्षर आधी येतं, आणि मग सुनेचं येणं बंद होतं.

'डोक्यात शिरतच नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं डोकं नव्हे, डोळे अडलेले असतात. एकदा सगळ्यांच्या हातात सुई-दोरा दे. सुई लांब धरून कोण ओवतंय ते बघ. त्यांना चाळिशी लागली आहे आणि आजवर कुणी सांगितलेलं नाही. सरकारी दवाखान्यात डोळे तपासून आणायला त्यांच्यासोबत तू स्वतः जा. तोवर त्यांच्या पाटीवरचं आणि कागदावरचं अक्षर मोठं काढ. दिवा बसणाऱ्यांच्या पाठीमागे असेल तर जागा फिरव, नाहीतर प्रत्येकीची सावली तिच्याच पाटीवर पडते.

आपल्या डहाणू तालुक्याला शिक्षणाची मोठी परंपरा आहे, तिच्यातलं काय घ्यायचं ते मात्र नीट निवड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. ते घे. पोरांच्या वेळेपुढे, पोरांच्या कामापुढे शाळेने मान तुकवली, ही खरी कोसबादची शिकवण. पण बालवाडीतली गाणी, टाळ्या आणि 'शाब्बास' तिथेच ठेव. चार लेकरांच्या आईला 'अ अननसाचा' म्हणायला लावलं की ती हसते, आणि त्या हसण्यात लाज असते.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आजीबाईंच्या शाळेबद्दल तू वाचलं असशील. योगेंद्र बांगर या शिक्षकाने ती ८ मार्च २०१६ रोजी सुरू केली. गुलाबी लुगड्यांच्या गणवेशाचे फोटो जगभर गेले, कौतुकही झालं. मला मात्र त्या शाळेची वेळ मोलाची वाटते. दुपारी दोन ते चार, म्हणजे घरातलं उरकून बाई जरा टेकते तेव्हा. मसोलीत ती वेळ कुठली, हे बायकांनाच विचारून ठरव. पुरुषांची वेगळी निघाली तर दोन गट कर.

आता शिकवायचं कसं. नाव लिहायला पहिल्याच दिवशी शिकव. माणूस त्यासाठीच आलेला असतो. पण तिथे थांबू नकोस, कारण नुसती सही म्हणजे पाठ केलेलं चित्र. पुढे एक असा शब्द घे, ज्यावर वर्ग अर्धा तास बोलेल. 'मजुरी' घे. किती मिळते, बाईला कमी का, कोण बुडवतं, सगळं बोलू दे. तू ऐक, आणि त्यांची बोली दुरुस्त करू नकोस. मग शब्द मोड: म, जु, री. बाराखडीतून मा, मी, जा, जी, जू, रा येऊ दे आणि त्यांनाच जुळवू दे. मजा, राजा, जरा, माजी, मीरा, राजू असे शब्द एका संध्याकाळी निघतात. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेअरी यांनी १९६३ साली आंजिकोस गावात याच वाटेने सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहायला-वाचायला शिकवलं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेअरींना तुरुंगात घातलं. मजुरीवर बोलणारा वर्ग सगळ्यांनाच आवडतो असं नाही, हे तूही लक्षात असू दे.

हाताचं म्हणशील तर पेन्सिल कुदळीसारखी आवळून धरतील. घाई करू नकोस. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहिणाऱ्या वारली बाईचं बोट रेषेला सरावलेलं असतं. तिला आधी मोठ्या कागदावर काडीने लिहू दे.

हिशेब त्यांना तोंडी येतो, कधी तुझ्यापेक्षा लवकर. अडतं ते कागदावर मांडणं. इथे जास्त वेळ दे, कारण या मुलखात कागदाने माणसाला फसवलंय. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिलेले लग्नगडी आठव: लग्नापुरतं कर्ज काढायचं आणि सावकाराकडे आयुष्य घालवायचं. १९४५ साली तलासरीजवळच्या झरीला वारली जमले ते अशा वेठीविरुद्धच. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. म्हणून आजही एखादी म्हातारी कागद पुढे सरकवला की हात मागे घेते. तिला आडमुठी समजू नकोस.

'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीची चिंता सोड. वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास गुणांचं आहे. हे सगळं केलंस तर तेवढं येतंच. मला काळजी दिवाळीनंतरची वाटते. तुझा अर्धा वर्ग वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे जाईल आणि पावसाच्या तोंडावर परतेल. पट कमी झाला म्हणून रडू नकोस, जाण्याआधीचे पंधरा दिवस वाया घालवू नकोस. प्रत्येक जोडप्याला एक छोटी वही दे. पहिल्या पानावर त्यांच्याच हाताने बयाणा किती घेतला तो आकडा. पुढे तीन रकाने: आठवडा, पाडलेल्या विटा, मिळालेली खर्ची. हजार विटांचा भाव वर लिहायचा. मजुरीतून बयाणा आणि खर्ची काढण्याची वजाबाकी वर्गातच खोट्या आकड्यांवर दहा वेळा करून घे, हातचा घेण्यासकट. शेठच्या वहीशी ही वही दर शनिवारी पडताळायची, शेवटच्या दिवशी नव्हे. तोवर फरक फार वाढलेला असतो आणि निघायची घाई असते.

वह्या साध्या घे, पण पुठ्ठ्याच्या. भट्टीवरच्या धुळीत पातळ वही टिकत नाही. वीसएक माझ्याकडे पडून आहेत. डहाणूला येणारं कुणी असेल तर कळव, पाठवून देते.

तुझी,
आत्या