शेअरचं बटण

नव्या मोटारीच्या जाहिरातीत हल्ली इंजिनाबद्दल फारसं काही नसतं. पडदा किती इंचांचा आहे, मोबाइलवरून काय काय करता येतं, आपण बोललेलं गाडीला कळतं का, हे आधी सांगितलं जातं. तरुणांना हेच हवं, असं कंपन्या धरून चालतात. वाहन उद्योगात आधी पुण्यात आणि मग स्वीडनमधल्या गोथेनबर्गला नोकरी केल्यावर मला वाटतं की तरुणांना याहून मोठं काहीतरी देता येईल. एका ब्रँडने ते देऊन पाहिलं होतं. त्याचं नाव लिंक अँड को.

गोथेनबर्गमध्ये नदीच्या उत्तर काठाला लिंडहोल्मेन नावाचा भाग आहे. एके काळी तिथे जहाजं बांधली जात. ते कारखाने बंद पडले आणि आज तिथे इंजिनिअरांची कार्यालयं आहेत. चीनच्या जीली कंपनीने २०१० मध्ये फोर्डकडून व्होल्वो घेतली आणि २०१३ मध्ये याच शहरात संशोधनासाठी सीईव्हीटी ही संस्था उभी केली. व्होल्वोला आणि जीलीला दोघांनाही वापरता येईल असा गाडीचा सामाईक पाया इथे तयार झाला. त्याच पायावरचा नवा ब्रँड ऑक्टोबर २०१६ मध्ये बर्लिनला जगासमोर आला. गाडी बनणार चीनमध्ये, तिची आखणी मात्र बरीचशी स्वीडनमध्ये. पुण्याहून आलेली मराठी मंडळी या शहरात खूप आहेत, त्यामुळे दुपारच्या डब्याभोवती या गाडीचा विषय अनेकदा निघायचा.

युरोपात २०२० च्या सुमारास गाडी आली ती अगदी साध्या अटींवर. महिना ५०० युरो भरायचे. विमा, देखभाल आणि १,२५० किलोमीटर त्यात धरलेले. नको झाली की पुढच्या महिन्यापासून बंद. मॉडेल एकच, रंग दोन, काळा किंवा निळा. नेहमीच्या शोरूमऐवजी ‘क्लब’. पहिला ॲमस्टरडॅमला उघडला. तिथे कॉफी प्यायची, गाणी ऐकायची, वाटलं तर गाडीची चौकशी करायची. माझ्या वयाच्या सहकाऱ्यांना हा सगळा देखावा वाटला. मला तसं वाटलं नाही. पंचविशीतल्या मुलाला घरभाडं भरून, शिक्षणाचं कर्ज फेडून गाडीसाठी पाच-सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घ्यायला लावणं ही काही स्वाभाविक गोष्ट नाही. आपल्याला तिची सवय झाली आहे, एवढंच.

पण खरी नवलाई पुढे होती. गाडी दुसऱ्याला वापरायला देण्याची सोय तिच्या रचनेतच होती. सभासदाने ॲपमध्ये वेळ आणि दर ठरवायचा. ज्याला हवी त्याने ती मागायची. होकार मिळाला की त्याच्या फोनवर डिजिटल चावी येई, आणि वेळ संपली की ती आपोआप निकामी होई. त्यातून मिळालेले पैसे सभासदाच्या महिन्याच्या खर्चाला हातभार लावत.

मी तशी एक गाडी शनिवार-रविवारसाठी घेतली होती. मालकीणबाई कोण हे माहीत नव्हतं. मागच्या सीटवर बिस्किटाचा चुरा होता, म्हणजे घरात लहान मूल असणार. आरसे तिच्या उंचीला लावलेले. ते हलवताना उगीच संकोच वाटला. किनाऱ्यालगत उत्तरेला फिरून आलो, निघण्यापूर्वी काचा पुसल्या, मागची सीट झाडली आणि गाडी होती तिथे नेऊन लावली. रात्री ॲपवर तिचा निरोप आला, ‘धन्यवाद, गाडी स्वच्छ ठेवलीत.’

साताऱ्याला आमच्या आळीत एकाच घरी फियाट होती. लग्नाला, दवाखान्याला, स्टेशनवर पाहुणे आणायला ती सगळ्यांच्या उपयोगी पडे. त्या घरच्या काकांकडे चावी मागायला जाताना वडील शर्ट बदलून जात आणि परत करताना टाकी थोडी जास्तच भरून देत. त्या देण्याघेण्याला ओळख लागे. आळीबाहेरच्या माणसाला ती गाडी मिळणं शक्यच नव्हतं. गोथेनबर्गला जे झालं ते अनोळखी माणसांमध्ये झालं आणि तरीही दोन्ही बाजूंनी तीच काळजी घेतली गेली. तंत्रज्ञानाने विश्वास निर्माण केला असं मी म्हणणार नाही. विश्वास ठेवायला माणसं तयार होती, तंत्रज्ञानाने त्यांची अडचण दूर केली. गाडीला इंटरनेट जोडण्याचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

हे फार टिकलं नाही. महिन्याच्या बोलीवर दिलेली प्रत्येक गाडी कंपनीच्याच नावावर राहते. तिची किंमत उतरते ती कंपनीच्या खिशातून, आणि व्याजदर चढले की सगळं गणित बिघडतं. हळूहळू विक्रीवर भर आला, युरोपात डीलर नेमले गेले. २०२५ च्या सुरुवातीला जीलीच्याच झीकर या ब्रँडकडे लिंक अँड कोचा ५१ टक्के हिस्सा गेला. गाड्या चांगल्या आहेत, पण आता त्या इतर गाड्यांसारख्याच विकल्या जातात.

भारतात इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांची लाट २०१९ मध्ये आली. त्या वर्षी ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर या गाड्या अंगभूत सिमकार्ड घेऊन बाजारात उतरल्या. हेक्टरची तर ‘इंटरनेट कार’ म्हणूनच जाहिरात झाली. नागपूरच्या मे महिन्यात घरातूनच एसी सुरू करता येतो, अपघात झाल्यास मदतीची हाक जाते, गाडी कुठे आहे ते दिसतं. हे उपयोग खरे आहेत. पण ही सगळी जोडणी मालक, गाडी आणि कंपनी या तिघांपुरती आहे. शेजाऱ्याला त्यात जागा नाही. कायदाही आड येतो. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी आपल्याकडे भाड्याने देता येत नाही, त्यासाठी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नियम हवेतच. पण सोसायट्यांच्या आवारात दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की या नियमाचा सरकारने पुन्हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

माणसांमधली जोडणी मागे पडली तरी कंपनीकडे जाणारी माहिती थांबली नाही. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडांची गोपनीयता तपासली आणि त्यातला एकही त्यांच्या कसोटीला उतरला नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यामुळे गाडीने तयार केलेली माहिती मागण्याचा हक्क ती वापरणाऱ्याला मिळाला आहे.

पहिली गाडी घ्यायला निघालेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. शोरूममध्ये पडद्याचा आकार विचाराल, तसंच हेही विचारा: माझ्या प्रवासाची माहिती कुठे साठते, ती कोण पाहतं, ॲपची सेवा किती वर्षं फुकट आहे आणि नंतर किती पैसे लागतात, घरातल्या दुसऱ्या माणसाला डिजिटल चावी देता येते का. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर लेखी मागा. आणि पुढे कधी गाडी विकाल तेव्हा चावी हातात देण्याआधी गाडीतले फोन नंबर पुसा आणि ॲपमधून आपलं खातं काढून टाका. ते राहिलं, तर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे हे तुम्हाला घरबसल्या दिसत राहील.