शेजाऱ्याचें नांव

शास्त्रपाठ : योहान 1:45-51



नासरेथचें नांव ऐकतांच नाथानाएलानें, तेथून कांहीं चांगलें निघेल काय, अशी शंका काढिली. तो निष्कपट होता, असें प्रभूनेंच म्हटलें. परंतु निष्कपट मनुष्यहि ऐकीव गोष्टीनें फसतो. फिलिप्पानें वाद न घालितां त्यास प्रभूकडे नेलें. प्रत्यक्ष भेट होतांच त्याचें मत पालटलें.

आपल्या जळकोटच्या बाजूस पाहा. चोरी झाली कीं पुष्कळांचें बोट आधीं माळावरील पारध्यांच्या पालांकडे वळतें. कोणी पाहिलें, असें विचारल्यास उत्तर नसतें. इंग्रज सरकारनें 1871 सालीं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढें पारधीहि त्यांत गोंवले गेले. 1952 सालीं तो कायदा रद्द झाला. लोकांच्या जिभेवर मात्र तो अजून आहे. अशा एका शब्दानें निरपराध बापास कोठडी व लेंकरांस उपास घडतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई (निर्गम 20:16) पालांतील शेजाऱ्यासाठींहि आहे.

अज्ञानानें बोलणें हीहि खोटी साक्षच. नांदेड जिल्ह्यांत किनवटच्या डोंगराळ भागांत गोंड, कोलाम, प्रधान व आंध राहतात. आपण सर्वांस ‘जंगली’ म्हणून मोकळे होतों. परंतु गोंड स्वतःस कोयतूर म्हणवितात. गोंडी व कोलामी या निरनिराळ्या भाषा असून त्यांचें नातें मराठीपेक्षां तेलुगूशीं जवळचें आहे. आंध मराठीच बोलतात. प्रधानांनीं किंगरीच्या सुरावर गोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळिल्या आहेत.

म्हणून उपदेशक बंधूंनो, मंडळीस कणव यावी यासाठीं कोणाचें दैन्य फुगवून सांगूं नका. ज्यांच्याविषयीं बोलावयाचें, त्यांस आधीं अदबीनें विचारा, ‘आपण स्वतःस काय म्हणवितां?’ जें पाहिलें तेवढेंच सांगा. एकाचा दोष सर्व जमातीच्या माथीं मारूं नका. तोंडावर जें बोलवणार नाहीं, तें पाठीमागें बोलूं नका.

आपल्या वाडवडिलांस गांवानें कोणत्या नांवांनीं हाका मारिल्या, हें आपण विसरलों काय? तो घाव ज्यांनीं सोसला, त्यांनींच तो दुसऱ्यास द्यावा काय?

प्रभूच्या वधस्तंभावरील लेखांतहि नासरेथचें नांव होतें. लोकांनीं तुच्छ मानिलेल्या गांवाचें नांव त्यानें शेवटपर्यंत टाकिलें नाहीं. येत्या आठवड्यांत आपल्या गांवाबाहेरील पालाकडे जा, तेथील मनुष्याचें नांव विचारा, आणि त्याच नांवानें त्याच्यासाठीं प्रार्थना करा. आमेन.