कुर्डीच्या सोमेश्वरास

देवा सोमेश्वरा, तुझ्यापर्यंत यायची वाट उन्हाळ्याच्या अखेरीसच उघडते. साळावली धरणाचं पाणी ओसरलं की वाडे आणि वालकिणीला जाऊन राहिलेले तुझे गावकरी भेगाळलेल्या चिखलातून चालत येतात, तुझा उत्सव करतात आणि आपापल्या घरांचे चौथरे हुडकतात. त्यातलाच एक पडका चौथरा गायिका मोगुबाई कुर्डीकरांच्या घराचा म्हणून दाखवतात. पाऊस लागला की पाणी सगळं परत घेतं. मी तुझ्या गावची नाही, सांगे तालुक्यात माझं कुणी नाही. पण माझं मागणं मोगुबाईंच्या नावानं आहे आणि त्या नावाला गाव जोडलेलं आहे ते तुझं. म्हणून तुझ्या पायरीशी आले आहे. पायरी आज पाण्यात असली तरी चालेल, ऐकू येत असेलच तुला.

आधी तू दिलंस त्याबद्दल. १५ जुलै १९०४ ला तुझ्या गावात ही मुलगी जन्मली. आई जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या. मुलीनं गाण्यात नाव काढावं हा त्यांचा ध्यास. त्यांनी तिला जांबावलीच्या देवळात नेऊन शिकवलं, मग चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. आणि १९१४ मध्ये तू ती आईच नेलीस. दहा वर्षांची मोगू नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत राहिली. ती कंपनी बसली तेव्हा सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली, तिथे सुभद्रा झाली, नाचायला शिकली, टाळ्या घेतल्या. तिथलंही बिनसलं. वर आजारपण आलं, आणि औषधपाण्यासाठी तिला सांगलीला नेलं.

इथे मात्र तुझी करणी मला फार आवडते. सांगलीत खोलीत बसून ती रियाज करायची. त्या रस्त्यानं एक वयस्क गृहस्थ जात असत. एक दिवस ते ऐकत थांबले, घरात आले, म्हण म्हणाले, आणि मग येऊन शिकवूच लागले. ते उस्ताद अल्लादियाखाँ आहेत हे तिला मागाहून कळलं, असं सांगतात. ज्यांच्या तालमीसाठी मोठमोठे लोक खेटे घालत, ते स्वतःच्या पायांनी एका पोरक्या, आजारी मुलीच्या दारी आले! असं काही ऐकलं की देवा, तू आहेस असं वाटतं.

पण दिलंस ते सरळ हातानं दिलं नाहीस, हेही बोलू दे. दीडएक वर्षात खाँसाहेब मुंबईला गेले आणि तालीम तुटली. ती त्यांच्यामागून मुंबईत आली, गिरगावात राहिली. खाँसाहेब मिळेनात म्हणून आग्रा घराण्याच्या बशीरखाँ आणि विलायत हुसेनखाँ यांच्याकडे शिकली. मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ शिकवायला आले, तेही काही वर्षांनी मुंबई सोडून गेले. शेवटी १९३४ मध्ये खुद्द अल्लादियाखाँचा गंडा बांधला गेला आणि १९४६ मध्ये ते जाईपर्यंत तालीम चालली. सांगली ते गंडा, मध्ये पंधराएक वर्षं. त्यात संसार आला, मुलं आली. १९३९ मध्ये पती माधवदास भाटिया वारले. तीन लहान मुलं आणि खाँसाहेबांची जयपूर-अत्रौलीची गायकी, दोन्ही मोगुबाईंनी एकटीनं सांभाळली.

आणि ती गायकी सांभाळणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको, नादाचा धनी तूच. तरी म्हणते, कारण बोलताना मलाच बरं वाटतं. तिथे आलापसुद्धा लयीला सोडून भटकत नाही. त्रितालाचा ठेका चालू असतो आणि आकारातली लांब ओळ मात्रांना आतून धरत पुढे सरकते. श्वास कुठे घेतला ते कळू द्यायचं नाही. सम जवळ आली म्हणून धावायचं नाही आणि दूर आहे म्हणून रेंगाळायचं नाही. रागही आडवाटेचे. नट कामोद, बसंती केदार यांसारख्या जोडरागांत दोन राग असे विणायचे की शिवण दिसता कामा नये. मोगुबाईंची, म्हणजे माईंची, लय पक्की होती हे सगळेच सांगतात. मला त्यातलं जास्त भावतं ते हे की ती लय त्या मिरवत नसत. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच उरल्या आहेत. त्या ऐकताना गाणारी बाई आपल्याला खूश करायला निघालेली नाही हे पहिल्या आवर्तनातच समजतं. या गुणासाठी, देवा, तुझे आभार. तो हल्ली दुर्मिळ झाला आहे.

शिकवतानाही त्या तशाच. त्यांची लेक किशोरीताई सांगत की आई अस्ताई-अंतरा दोनदा म्हणायची, तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत कान सगळा उघडा ठेवायचा. याच लेकीला त्यांनी अंजनीबाई मालपेकरांसारख्या दुसऱ्या घराण्याच्या गुरूकडेही पाठवलं, आणि याच लेकीनं १९६४ च्या सुमारास सिनेमासाठी गायल्यावर आपल्या दोन तंबोऱ्यांना हात लावू देणार नाही असं माईंनी तिला बजावलं. हा कडकपणा मला जरा जास्त वाटतो. पण ज्या बाईनं आईविना, गावाविना, कंपनीविना फक्त त्या दोन तंबोऱ्यांच्या आधारानं आयुष्य उभं केलं, तिला तो हक्क नसेल तर कुणाला असेल! पुढे किशोरीताईंनी आलाप मोकळा केला, आईच्या वाटेवरून निघून स्वतःची वाट काढली. पद्मा तळवलकर, कमल तांबे, बबनराव हळदणकर, अरुण द्रविड यांनी माईंची तालीम आपापल्या गळ्यात नेली. दोन हजार एक साली, शहाण्णव वर्षं जगून, माई गेल्या.

आता माझं गाऱ्हाणं. रागावू नकोस. गोव्यात तुझ्यासारख्याच देवांच्या देवळांच्या सावलीत या गाणाऱ्या बायकांची कुळं वाढली. उत्सवाला त्यांचं गाणं-नाचणं चाले, आणि उत्सव संपला की त्याच बायकांकडे गाव तिरक्या नजरेनं बघे. तू बघत होतास. माईंच्या पिढीनं तुझ्या देवळाचं गाणं मुंबईच्या मैफलीत नेऊन मानाचं केलं, आणि त्या मानाची किंमतही स्वतःच मोजली. किशोरीताई लहानपणी आईच्या मागे तंबोरा घेऊन बसत. आयोजक आईला कुठे उतरवतात, कसं वागवतात, हातावर काय टेकवतात, हे त्या मुलीनं पाहिलं आणि ती ते कधी विसरली नाही. पुढे मोठेपणी तिच्या अटींना, तिच्या रागाला लोक तऱ्हेवाईकपणा म्हणाले. मला त्यात आईचा अपमान मोजणारी मुलगी दिसते.

आणि आम्ही, ऐकणारे? आम्ही माईंना गानतपस्विनी म्हटलं, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्या हालांना तपश्चर्येचं नाव देऊन मोकळे झालो. तप म्हटलं की भाडं कुणी भरलं, मुलांची फी कुठून आली, हे विचारावं लागत नाही. म्हणून पहिलं मागणं आमच्यासाठी. गाणाऱ्याचे हाल ऐकून भरून येणारं आमचं मन थोडं कमी भरू दे, आणि खिशात हात जाऊ दे. ख्याल विलंबितात असतानाच घड्याळाकडे वळणारी आमची मान धर. जी चीज आम्हाला लगेच कळत नाही ती कंटाळवाणी ठरवायच्या आधी आणखी चार आवर्तनं बसायचा धीर दे.

दुसरं मागणं तिच्यासाठी. तिचं नाव मला ठाऊक नाही, तुला असेल. आत्ता कुठल्याशा गावात, मोबाईलमधला तंबोरा लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दाबल्या आवाजात रियाज करणारी जी मुलगी आहे ना, तिच्या खिडकीखालून एकदा कुणा जाणत्याला ने. तो थांबेल असं कर. त्यानं चीज दोनदा म्हणावी, तिसऱ्यांदा म्हणू नये, पण तालीम मध्येच तोडून जाऊ नये. तिची आई तिच्यापाशी राहू दे. पूर्ण आवाज लावता येईल अशी एक खोली तिला मिळू दे, तो आवाज चालणाऱ्या घरमालकासकट. आणि पुढे ती मैफलीला जाईल तेव्हा तिच्या परतीच्या गाडीचं तिकीट आधी काढलेलं असू दे, आणि बिदागी ठरली होती तेवढीच, मागावी न लागता, त्याच रात्री तिच्या हातात पडू दे.