गुप्तदान आणि युनियनची निवडणूक

उज्जैनच्या महाकालेश्वराच्या दानपेटीतली नोट कुणाची, हे कुणी विचारू नये. अठराव्या शतकात या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या रामचंद्रबाबा शेणवींचे नाव राहिले. पेटीत पैसे टाकणाऱ्या हजारोंचे नाही, आणि तेच शोभते. माझे वडील इथल्या विनोद मिलमध्ये साच्यावर होते. पगाराच्या दिवशी तेही मूठ झाकूनच दान टाकत.

मग युनियनच्या उमेदवाराला कुणी गुपचूप पैसे दिले, तर ते पुण्य का नाही? देव देणाऱ्याचा मिंधा होत नाही, माणूस होतो. मालकाच्या पैशावर निवडून आलेला पुढारी बोनसची बोलणी कुणाच्या बाजूने करणार?

2025 पर्यंत लागू असलेल्या 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे युनियनचा हिशेब दरवर्षी निबंधकाकडे जात असे, सभासदाला वह्याही पाहता येत. उमेदवाराच्या स्वतःच्या प्रचारखर्चाबद्दल मात्र तो कायदा गप्प होता. अमेरिकेने 1959 मध्येच अशा प्रचारात युनियनचा आणि मालकाचा पैसा वापरायला बंदी घातली.

आपण दिल्लीची वाट कशाला पाहायची? कामगार बंधूंनो, आपल्याच युनियनच्या घटनेत कलम घाला: मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराने पैसे देणाऱ्यांची नावे फलकावर लावावीत.