युद्धपटातील जोखीम आणि हानी

एखाद्या फिल्म सोसायटीने युद्धपट दाखवला की, नंतरची चर्चा हमखास एकाच प्रश्नाभोवती घुटमळते: हा चित्रपट युद्धाच्या बाजूचा की विरोधातला? सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीपासून मुंबईच्या प्रभात चित्र मंडळापर्यंत या चळवळीने कथेपलीकडे पाहणारा, संकलन आणि ध्वनी यांवर अधिकाराने बोलणारा सभासद घडवला. तोच सभासद युद्धपटापुढे मात्र ‘संदेश’ शोधू लागतो आणि तो सापडताच चर्चा आटोपती घेतो, ही खेदाची बाब आहे.

गणवेश आणि रणगाडे अस्सल आहेत की नाहीत, यावरून चित्रपट जोखणाऱ्यांचा येथे विचार करण्याचे कारण नाही. असे चित्रपट पाहून लोकांचे मनोधैर्य खचते, हा आक्षेपही प्रेक्षकाला अजाण ठरवणारा आहे. दखल घ्यावी असे मत एकच, आणि ते फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांचे: युद्धविरोधी चित्रपट संभवतच नाही, कारण पडद्यावर आलेले युद्ध अखेर आकर्षकच ठरते. या मताला पुरावा नाही असे नाही. ‘ॲपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) मधील वाग्नरच्या संगीतावर झेपावणारी हेलिकॉप्टर्स पाहून आखाती युद्धाला निघालेले तरुण सैनिक जल्लोष करतात, हे ‘जारहेड’ (२००५) या चित्रपटात दाखवलेच आहे.

तथापि, त्रुफो यांच्या युक्तिवादात युद्ध ही एकसंध गोष्ट मानली जाते आणि तेथेच तो चुकतो. पडद्यावरील युद्धात दोन वेगळी द्रव्ये असतात. एक जोखीम, म्हणजे पुढच्या क्षणी काय होईल याची टांगणी. दुसरे हानी, म्हणजे जे होऊन गेले आणि आता कोणत्याही शौर्याने परत येणार नाही ते. जोखीम प्रेक्षकाला पुढे खेचते, त्याच्या मनात त्या जागी असण्याची इच्छा जागवते. हानीपाशी वाट पाहण्यासारखे काही उरलेलेच नसते. त्रुफो यांचा सिद्धान्त जोखमीपुरता खरा आहे, आणि तेवढ्यापुरताच. ज्यांच्याविषयी त्यांना नितांत आदर होता, त्या ज्याँ रन्वार यांच्या ‘ला ग्राँद इल्युजन’ (१९३७) या युद्धकैद्यांवरील चित्रपटात रणांगणावरचा एकही प्रसंग नाही, याचा या सिद्धान्ताशी मेळ कसा घालायचा?

एलेम क्लिमोव्ह यांचा ‘कम अँड सी’ (१९८५) पडद्यावर आला, त्याच्या आदल्या वर्षी त्रुफो वारले. नाझींनी बेलारूसमधील शेकडो गावे रहिवाशांसह जाळली, त्या काळाची ही कथा आहे. फ्ल्योरा हा मुलगा ग्लाशा या मुलीला घेऊन आपल्या गावी परततो, तेव्हा घर रिकामे असते, भांड्यातले सूप अजून कोमट असते, जमिनीवर बाहुल्या पडलेल्या असतात आणि माश्यांची भणभण ऐकू येत असते. घरची माणसे बेटावर गेली असतील असे म्हणून तो धावत सुटतो, आणि मागे वळून पाहणाऱ्या ग्लाशालाच तेवढा घराच्या भिंतीमागे रचलेला प्रेतांचा ढीग दिसतो. हे दृश्य क्षणभराचेच आहे आणि त्यात टांगणी मुळीच नाही, कारण जे व्हायचे ते त्या दोघांच्या येण्याआधीच होऊन गेले आहे. आरंभी वाळूतून उकरून काढलेली बंदूकही हा मुलगा शेवटी हिटलरच्या तसबिरीवर झाडेपर्यंत एकदाही झाडत नाही. भीषणतेचेही आकर्षण असतेच, असे त्रुफो यांचा कैवारी म्हणेल. परंतु नजर खिळणे वेगळे आणि त्या जागी असावेसे वाटणे वेगळे, आणि सैन्यभरतीला उपयोग होतो तो दुसऱ्याचा.

फिल्म सोसायटीचे महत्त्व येथे आहे. सुटा काढून पाहिला तर जोखमीचा प्रसंग सहज रंगतो. हानी मात्र तिच्या आधीचे आणि नंतरचे सारे सलग पाहिल्याखेरीज कळत नाही, आणि फिल्म सोसायटीत चित्रपट सलगच पाहिला जातो. १९६२ च्या युद्धात लडाखमधून माघार घेणाऱ्या तुकडीवरील चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात ही दोन्ही द्रव्ये एकमेकांत मिसळलेली आहेत. माघारीच्या वाटेवर मागे राहणाऱ्या जवानांचे मरण त्यात हानी म्हणून उरते की बलिदानाच्या गौरवात विरून जाते, यावर सभासदांचे मतभेद होतील, आणि ते दृश्यागणिक व्हावेत.