राजगिऱ्याचा सोबती

चियाच्या पाकिटावर ‘सुपरफूड’ छापलेलं असतं. कुणी ते संजीवनी समजून घरी आणतं, कुणी परदेशी फॅड म्हणून झिडकारतं. दोन्हीकडे या बियांवर अन्यायच होतो.

चिया मूळची मध्य-दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालातली, तुळस-पुदिन्याच्या कुळातली. ॲझ्टेकांच्या तेनोच्तित्लान या राजधानीला मका, घेवडा, राजगिरा आणि चिया खंडणी म्हणून जात. १५४१च्या सुमारास तयार झालेल्या ‘कोडेक्स मेंडोसा’ या चित्रग्रंथात त्याची नोंद आहे. स्पॅनिश सत्तेखाली चिया मागे पडली. जगाच्या बाजारात ती आली १९९०नंतर.

त्या चौघांतला राजगिरा मात्र केव्हाच आपला झाला. मेक्सिकोत लाह्या मधात किंवा पाकात घोळून ‘आलेग्रिया’ नावाची वडी थापतात. आपण गुळाच्या पाकात लाडू वळतो आणि उपवासाला खातो. त्याच फराळातले शेंगदाणे, बटाटे, मिरचीही अमेरिकेतूनच आलेली. तेव्हा परकेपणाचा आक्षेप चियाला लावता येत नाही. पदार्थ आपला होतो तो स्वयंपाकघरात रुळल्यावर.

गुणांचं म्हणाल, तर १०० ग्रॅम चियात सुमारे ३४ ग्रॅम तंतू, १७ ग्रॅम प्रथिनं आणि ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण आपण खातो चमचाभर. हिशेबही चमच्याचाच हवा. तिच्यातलं ओमेगा-३ जवसातल्यासारखंच, वनस्पतिज. मासळीत असतं त्या रूपात शरीर त्याचा अगदी थोडा भाग बदलू शकतं.

चिया भिजवली की प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत कवच धरतं आणि ती वजनाच्या दहापट पाणी शोषते. म्हणून कोरडी फाकी मारू नये. घशात फुगून अडकू शकते. सब्जा काही मिनिटांत फुगतो, हिला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. मेक्सिकोत ती लिंबू-साखरेच्या पाण्यात घालून पितात. आपल्या सरबतात, ताकात, दह्यातही ती सहज मिसळते.

चिया जरूर खावी, पण औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून. आणि तिच्यासाठी जवसाची चटणी किंवा बाळंतिणीचे अळिवाचे लाडू बाजूला सारू नयेत. परवडत नसेल, तर चियावाचून काही अडत नाही; जवस किराणा दुकानात आजही मिळतो.