मानसागर: नाव कोणाचे, पाणी कोणाचे?

जयपूरहून आमेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, मधोमध जलमहाल असलेल्या ज्या सरोवराला मानसागर म्हणतात, त्याच्या नावातील ‘मान’ म्हणजे कोण, हा प्रश्न वरवर पाहता केवळ इतिहासाचा आहे. जयपूरमधील मोठे रुग्णालय आणि क्रिकेटचे मैदान ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते सवाई मानसिंह दुसरे 1922 मध्ये गादीवर आले, त्यामुळे आजच्या शहरात ‘मानसिंह’ म्हटले की प्रथम त्यांचेच स्मरण होते. परंतु सरोवर 1727 मध्ये वसवलेल्या जयपूरहूनही जुने असल्याने ते नाव त्यांचे असू शकत नाही. ते अकबराचे सेनानी आणि 1589 ते 1614 या काळात आमेरवर राज्य करणारे राजा मानसिंह पहिले यांचे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या भीषण दुष्काळानंतर आमेरच्या डोंगरांमधील खिंडीत बांध घालून हे पाणी अडवले गेले, असे परंपरा सांगते. राजाच्या नावाला ‘सागर’ जोडण्याची रीत राजस्थानात सर्वत्र आढळते. अजमेरचा आनासागर हा बाराव्या शतकातील चौहान राजा अर्णोराज, म्हणजे आनाजी, याचा आहे आणि युद्धात सांडलेल्या रक्ताने दूषित झालेली भूमी शुद्ध व्हावी म्हणून त्याने तो करवला, असे ‘पृथ्वीराजविजय’ या संस्कृत काव्यात म्हटले आहे.

व्यक्तीची ओळख पटल्यावर धर्मशास्त्राचा खरा प्रश्न पुढे येतो. यज्ञादी वैदिक कर्मांना ‘इष्ट’ आणि विहिरी, तलाव, देवालये, अन्नछत्रे, बागा अशा लोकोपयोगी कर्मांना ‘पूर्त’ म्हणतात; वैदिक इष्टकर्माचा अधिकार शूद्राला नाकारणाऱ्या स्मृतींनीही पूर्ताचा अधिकार त्याला दिला आहे. मात्र तलाव खोदून काम संपत नाही. जलाशयाचा ‘उत्सर्ग’, म्हणजे विधिपूर्वक त्याग, करावा लागतो आणि त्या वेळी कर्ता हे पाणी सर्व प्राण्यांसाठी सोडत असल्याचा संकल्प उच्चारतो. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील भेद नेमका मांडला आहे: दानात दात्याचे स्वामित्व संपून ते घेणाऱ्याकडे जाते व दात्याला ती वस्तू पुन्हा वापरता येत नाही, तर उत्सर्गात स्वामित्व सुटते खरे, पण ते सर्वांसाठी सुटत असल्याने सर्वांपैकी एक म्हणून कर्त्यालाही ते पाणी पिता येते. ज्याने बांध घातला तो राजा त्या काठावर पाणी भरणाऱ्या कोणाहीपेक्षा अधिक हक्काचा उरत नाही, हा या विचाराचा गाभा आहे, आणि तो असामान्य आहे.

मग नाव कशासाठी? महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की, ज्या तलावात केवळ पावसाळ्यात पाणी राहते त्याच्या कर्त्याला अग्निहोत्राचे फळ मिळते, शरदातही टिकले तर सहस्र गोदानांचे, आणि ग्रीष्मापर्यंत पुरले तर अश्वमेधाचे. येथे पुण्याचे माप कर्त्याच्या हेतूने वा खर्चाने ठरत नाही. ते पाणी किती ऋतू टिकते आणि तहानलेल्याला केव्हा लाभते यावरून ठरते. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या जयपूरच्या परिसरात हा क्रम मुद्दाम तेथील भूमीसाठीच रचल्यासारखा वाटतो. या दृष्टीने नाव हे स्वामित्वाचे चिन्ह न राहता संकल्पाची नोंद ठरते: अमुक व्यक्तीने हे पाणी सोडले, एवढेच ते सांगते. सोलापूरचा तलाव खोदवणारे बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम यांच्याजवळ राज्य नव्हते, तरी सिद्धेश्वर तलावाचे नाव मानसागराइतकेच टिकले, कारण पूर्ताच्या हिशेबात गादीला वेगळे मोल नाही.

मानसिंहांनी वृंदावनात 1590 मध्ये गोविंददेवाचे भव्य मंदिर उभारले आणि बंगालमधून आणलेली शिलादेवी आमेरच्या किल्ल्यात स्थापिली. देवालय आणि जलाशय ही दोन्ही पूर्तकर्मेच असली तरी त्यांत एक फरक आहे, तो असा की मंदिरातील मूर्तीला सेवेकरी, उत्पन्न आणि रखवाली लाभते, तर सर्वांसाठी सोडलेल्या पाण्याला राखणदार नेमलेला नसतो. याच पोकळीत मानसागराची दुर्दशा झाली. ब्रह्मपुरी आणि नागतलाई या नाल्यांतून शहराचे सांडपाणी अनेक वर्षे त्यात येत राहिले, गाळ साचला, पाण्याला दुर्गंधी आली, आणि पुढे नाल्यांचा प्रवाह वळवून गाळ काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. त्या पुनरुज्जीवनाच्या योजनेतच काठाची सुमारे 100 एकर जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा करार झाला, जो राजस्थान उच्च न्यायालयाने 2012 मध्ये रद्द ठरवला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत 30 वर्षांवर आणून चालू ठेवण्यास मुभा दिली. त्या वादात मानसिंहांच्या वारसाहक्काचा प्रश्न नव्हता; सार्वजनिक म्हणून राखलेल्या काठाचा व्यवहार शासन किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर करू शकते, हा प्रश्न होता, आणि उत्सर्गाचा संकल्प मान्य करणाऱ्या धर्मशास्त्रकारालाही नेमका हाच प्रश्न विचारावा लागला असता.